बोटांना लागणारं मालगुडी

आषाढी एकादशी झाली की लग्नपत्रिकांचं काम थंडावतं. सांगलीतल्या माझ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात मग कापडी पिशव्या आणि मंडळांचे टी-शर्ट एवढंच उरतं. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी अकरावीतली एक मुलगी ड्रॉइंग पेपरची गुंडाळी घेऊन आली. ‘काका, एकच पोस्टर छापून मिळेल?’

एका प्रतीसाठी छपाईच्या जाळीची फ्रेम करणं परवडत नाही. मी तिला डिजिटल प्रिंट काढायला सांगितलं. ‘पण ते हाताला लागणार नाही ना,’ ती म्हणाली.

तिच्या आजोबांच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. कडेचं थोडं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. त्यांची आवडती मालिका ‘मालगुडी डेज’. रोज संध्याकाळी ती मोबाईलवर एक भाग लावते आणि ते ऐकतात. त्यांच्या वाढदिवसाला तिने स्वतः पोस्टर काढलं होतं. कुणाच्या तरी टी-शर्टवरची उठावदार छपाई तिच्या हाताला लागली आणि ती माझ्याकडे आली.

मी गुंडाळी उघडली. कौलारू घर, ओसरी, झाड, स्टेशन, आगगाडी, छत्रीवाला म्हातारा आणि पळणारा स्वामी, म्हणजे मालिकेतला शाळकरी पोरगा, वर मालिकेचं नाव, सगळं एकाच कागदावर. मालिकेच्या सुरुवातीला येणारी आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं तिने पाहून पाहून मुरवली होती. 1986 साली दूरदर्शनवर ती मी स्वतः पाहिली आहेत. थोरल्या भावाने, आर. के. नारायण यांनी, गाव शब्दांत वसवलं, धाकट्याने ते रेषांत उभं केलं. दिग्दर्शक शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबेत चित्रीकरण केलं, तरी माझ्या मनातलं मालगुडी आधी त्या रेषांचंच आहे. एका टी-शर्टाच्या भावात काम घेतलं.

फुगणारी शाई गरम हवेने वर उठते, पण आडवीही पसरते. मुलीने कौलांवर बारीक रेघा ओढल्या होत्या. मी तशीच फिल्म काढली, मोठ्या भोकांच्या जाळीची फ्रेम एक्स्पोज केली, म्हणजे उजेडाने चित्र जाळीवर उतरवलं, आणि मांजरपाटावर स्क्वीजी, शाई ओढायची रबरी पट्टी, ओढली. हॉट एअर गन फिरवल्यावर शाई उठली. डोळ्यांना छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांना घेऊन आली. ते स्टुलावर बसले, दोन्ही तळवे कापडावर ठेवले. बोटं घरावर आली. ‘ही भिंत का?’ ते छप्पर होतं. रेघा फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. झाडही गोळा झालं होतं. मुलीचा चेहरा उतरला.

चूक माझी होती. बावीस वर्षं मी डोळ्यांसाठीच छापत आलोय. मी विचारलं, ‘आजोबा, सुरुवातीचं संगीत वाजतं तेव्हा तुम्हाला काय दिसतं?’

ते आधी गुणगुणले, ‘ता ना ना ताना नाना ना’. मग म्हणाले, ‘पोरगं पळतंय. मागे कौलारू घर. बाकी काही नाही.’

मग आम्ही खोडायला बसलो. स्टेशन गेलं, गाडी गेली. छत्रीवाल्या म्हाताऱ्यापाशी मुलगी अडली. तो तिचा सर्वांत सुरेख जमलेला होता. ‘आजोबांना विचार,’ मी म्हटलं. तिने विचारलं नाही, स्वतःच खोडरबर उचललं. घराला आठच कौलं ठेवली, दोन कौलांमध्ये बोटाएवढी मोकळी जागा. पोराच्या रेषा मी जाड केल्या. पायाची बोटं मात्र तिने मला पुसू दिली नाहीत, नुसती लांब लांब करून घेतली. नावाची अक्षरं काळी, कापड पिवळं रंगवलं, म्हणजे कडेच्या नजरेलाही काही मिळावं.

नवी फ्रेम वाळेपर्यंत चार वाजले. आजोबा तोवर बसून राहिले, चहा घेतला, गावाकडच्या शाळेबद्दल बोलले. छापलं, गन फिरवली. कापड अजून कोमट होतं तेव्हाच त्यांनी हात पुढे केला.

आधी नाव लागलं. शिरोरेषेवरून त्यांचं बोट सरळ चालत गेलं, एका जागी रेषा तुटली, बोट थबकलं. ‘इथे मालगुडी संपलं,’ ते म्हणाले. पलीकडे रेषा पुन्हा सुरू झाली. ‘डेज.’ शिरोरेषेचा असा उपयोग माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. नंतर त्यांनी कौलं मोजली. मग पाठ, गुडघा, टाच. तिथून पुढे बोट हळू झालं, एकेका फुगवट्यावर टेकत गेलं.

‘अनवाणी आहे गं हा.’

‘हो,’ ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

मी फ्रेम धुवायच्या निमित्ताने मागे गेलो. बाहेर आलो तेव्हा ती कापडाच्या कडा मोजत होती, भिंतीवर कुठे खिळा मारायचा ते ठरवत होती. आजोबा मान हलवत होते. ‘भिंतीवर नको. माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला लाव.’