लेकॉम्प्टन : बोगस मतदानाची राजधानी

कॅन्सस सिटीहून निघायचं, लॉरेन्स मागे टाकायचं आणि हमरस्ता सोडून लेकॉम्प्टनचा फाटा घ्यायचा. जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. कधीकाळी ही कॅन्सस टेरिटरीची, म्हणजे अजून राज्य न झालेल्या कॅन्सस प्रदेशाची, राजधानी होती! अमेरिकी यादवी युद्धाची रणांगणं सगळेच बघतात. मला मात्र ते भांडण जिथं कागदोपत्री पेटलं, ती खोली बघायची होती.

१८५४च्या कायद्यानं ठरवलं की गुलामगिरी ठेवायची की नाही, ते इथल्या रहिवाशांनीच ठरवावं. ऐकायला झकास. पण मार्च १८५५च्या निवडणुकीत मतदार २,९०५ आणि मतं पडली ६,३०७! शेजारच्या मिझुरीतून गुलामगिरीवाल्यांच्या सशस्त्र टोळ्या आल्या, मतं टाकून घरी गेल्या. त्यातून आलेल्या विधिमंडळाला विरोधक उघडउघड ‘बोगस’ म्हणत. आपल्याला हे समजायला गाईड लागत नाही.

कॉन्स्टिट्यूशन हॉल ही साधी दुमजली लाकडी इमारत. खाली जमिनीच्या नोंदींची कचेरी होती. वरच्या दालनात १८५७मध्ये राज्यघटना लिहिली गेली. पायाखालच्या फळ्यांकडे बघत मी तिथं बराच वेळ रेंगाळलो. लिहिणाऱ्यांची हुशारी बघा: डिसेंबरमधल्या मतदानात पर्याय दोनच, घटना ‘गुलामगिरीसह’ किंवा ‘गुलामगिरीविना’. अख्खी घटना फेटाळायची सोयच नाही. आणि ‘विना’ जिंकलं तरी आधीपासून गुलाम असलेली माणसं गुलामच राहणार. ज्यांच्या आयुष्याचा हा सौदा चालला होता, त्यांना मत नव्हतंच.

पुढच्या जानेवारीतल्या निवडणुकीत तर बनावट मतांचे कागद मेणबत्त्यांच्या खोक्यात घालून सरपणाच्या ढिगाखाली दडवले होते. ते सापडले आणि छी-थू झाली.

तरीही राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी ही राज्यघटना उचलून धरली. १८५४च्या कायद्याचे जनक सिनेटर डग्लस त्यांच्याच पक्षाचे, पण ते विरोधात गेले. फेब्रुवारी १८५८मध्ये वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या प्रतिनिधीगृहात याच राज्यघटनेवरून मध्यरात्रीनंतर हाणामारी झाली. मिसिसिपीच्या एका सदस्याचा केसांचा टोप निघाला, त्यानं तो उलटा घातला, तेव्हा कुठं हशा पिकून मारामारी थांबली. डेमोक्रॅटिक पक्षातली फूट काही सांधली नाही. १८६०मध्ये त्यांचे दोन उमेदवार उभे राहिले आणि लिंकन निवडून आले.

कॅन्ससच्या मतदारांनी ती राज्यघटना ऑगस्ट १८५८मध्ये ११,३०० विरुद्ध १,७८८ मतांनी झोपवली. जानेवारी १८६१मध्ये कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य झालं, राजधानी टोपेकाला गेली. लेकॉम्प्टनचं विधानभवन अर्धवटच राहिलं. त्याच्या पायावर पुढे कॉलेज उभं राहिलं आणि १८८५मध्ये तिथं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवर यांच्या आईवडिलांचं लग्न लागलं. तीही इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आता तिथं संग्रहालय आहे.