एका तारखेचे दोन मथळे

डाक आवृत्ती म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोल्हापुरात छापलेला पेपर पहाटे आजरा, चंदगड, गडहिंग्लजला पोचायचा असेल, तर ते पान रात्री दहाच्या आत सोडावं लागतं. शहराचं पान दीडपर्यंत थांबतं. तारीख एकच, पेपर दोन. वाचकाला सहसा हे कळत नाही, कारण दोन्ही पेपर एका घरात कधी येत नाहीत.

३० जून २००६, शुक्रवार. क्रीडापानावर मी एकटा. समोर तीन गोष्टी: जमैकात किंग्स्टनला भारत-वेस्ट इंडीज कसोटीचा पहिला दिवस, बर्लिनला जर्मनी-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना, आणि साडेबाराला हॅम्बुर्गला इटली-युक्रेन. पहिल्या दोन्ही सुरू झाल्या आपल्या साडेआठला. टीव्ही एक. क्रिकेटचा स्कोअर वृत्तसंस्थेच्या एजन्सीवर येत राहतो, म्हणून टीव्हीवर फुटबॉल लावला. दुसऱ्या एखाद्या गावच्या डेस्कवर हे चाललं नसतं. कोल्हापुरात चालतं. इथे वर्ल्ड कप आला की पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि तालमींचे, म्हणजे पेठांतल्या संघांचे, फुटबॉल सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं. फुटबॉलची चूक इथे कोणी माफ करत नाही.

माझं लक्ष अर्जेंटिनाच्या हुआन रोमान रिकेल्मेवर होतं. तो खेळायचा ती जागा आता जवळपास संपली आहे. अर्जेंटिनात तिला ‘एनगांचे’ म्हणतात, म्हणजे अडकवायचा आकडा, हूक; मधली फळी आणि आघाडी जोडणारा. सगळा चेंडू त्याच्याकडून जायचा. तो धावायचा कमी. पाठ बचावपटूला लावायची, दोन्ही हात किंचित पसरायचे, तळवा चेंडूवर ठेवायचा आणि थांबायचं. समोरचा अधीर होऊन पाय घालतो, तेवढ्यात चेंडू निघून जातो. मे २००० मध्ये रिव्हर प्लेटविरुद्ध त्याने बचावपटू येपेसच्या पायांतून चेंडू मागे ओढून काढला, तो असाच, कडेच्या रेषेजवळ, तोंड गोलच्या उलट दिशेला असताना. त्याच वर्षी टोकियोत त्याच्या बोका ज्युनियर्सने रिअल माद्रिदला २-१ हरवलं. दोन्ही गोल पालेर्मोचे, पहिल्या सहा मिनिटांत. दुसऱ्या गोलचा लांब पास रिकेल्मेचा, आणि उरलेला सामना माद्रिदवाले त्याच्या पायातून चेंडू काढायला धडपडत होते.

युरोपात त्याचं जमलं आणि नाहीही. बार्सिलोनात प्रशिक्षक व्हॅन गालने त्याला कडेला खेळवलं, म्हणजे आकडाच काढून बाजूला ठेवला. मग पन्नास हजार वस्तीच्या व्हियारेआलला, पहिल्याच प्रयत्नात, त्याने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. २५ एप्रिल २००६ ला आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, ती त्याने मारली आणि आर्सेनलचा गोलरक्षक लेहमनने अडवली. बर्लिनमध्ये जर्मनीच्या गोलमध्ये तोच लेहमन उभा होता.

पूर्वार्ध कोरडा गेला. खरं सांगायचं तर रिकेल्मेही त्या दिवशी फार दिसला नाही. जर्मनीचा फ्रिंग्स त्याला चिकटून होता. पण उत्तरार्ध सुरू होऊन चारच मिनिटं झाली, ४९व्या मिनिटाला, त्याने कॉर्नर मारला. सेंटरबॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, मानाने बुटक्या अयालाने तो डोक्याने आत घातला. घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. आठवड्यापूर्वी, रिकेल्मेच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, अर्जेंटिनाचा मेक्सिकोविरुद्धचा पहिला गोलही त्याच्याच कॉर्नरवर आला होता. मी डाकेचं पान भराभर बांधलं. ‘रिकेल्मेच्या कॉर्नरने बर्लिन स्तब्ध’. खाली ‘वृत्त लिहीपर्यंत अर्जेंटिना १-० ने आघाडीवर’. ऑपरेटरने क्वार्कमध्ये, म्हणजे पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, शेवटची ओळ ओढून बसवली आणि दहाला दहा कमी असताना पान सुटलं.

दहाच्या सुमारास ७२व्या मिनिटाचा बोर्ड वर गेला. रिकेल्मे बाहेर, कांबियासो आत. त्याच्या मिनिटभर आधी गोलरक्षक आबोंदान्झिएरी जखमी होऊन गेला होता. ७९व्या मिनिटाला क्रेस्पोच्या जागी क्रूझ आला. तिन्ही बदल संपले. एकोणीस वर्षांचा मेस्सी बाकावर होता, तो तिथेच राहिला. ८०व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजेने बरोबरी केली. जादा वेळ, मग पेनल्टी. लेहमनने अयालाची अडवली, कांबियासोची अडवली. जर्मनी ४-२. प्रशिक्षक पेकरमन यांनी त्याच रात्री पद सोडलं. १९९७ मध्ये मलेशियात वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकताना रिकेल्मे आणि कांबियासो त्यांच्याच हाताखाली एका संघात होते. ही गोष्ट मला त्या रात्री माहीत होती. लिहायला जागा नव्हती, आणि पुढे जे घडलं ते त्या जागेमुळेच घडलं.

साडेअकराला एजन्सीची कॉपी आली. तिच्यात एक परिच्छेद रिकेल्मेवर: दोन महिन्यांपूर्वी पेनल्टी हुकवलेला, मोठ्या सामन्यांत झाकोळणारा, थकलेला. डेस्कवरचे वरिष्ठ उभे राहूनच म्हणाले, “पळत नाही तो कसला खेळाडू.” फुटबॉलबद्दल मराठी डेस्कांची समज तेव्हा एवढीच होती आणि फार बदलली आहे असं मला वाटत नाही. कोण धावला, कोणी गोल केला, कोण रडला. मधल्या गोष्टींसाठी आमच्याकडे शब्दच नाहीत. मी मथळा बदलला: ‘थकलेल्या रिकेल्मेने अर्जेंटिनाला बुडवले’. सव्वाएकला इटलीचा पूर्वार्ध संपला. झाम्ब्रोटाचा सहाव्या मिनिटाचा गोल घ्यायचा म्हणून बर्लिनच्या बातमीतून आठ ओळी कापल्या. घाई असली की खालून कापतात. मी मधून कापल्या, कारण खालचा परिच्छेद पेनल्टी शूटआउटचा होता आणि तो हवा होता. पान सुटलं. मी समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ड्युटीवर आलो, तर माझ्या टेबलापाशी एक तरुण बसलेला. तालमीकडून खेळणारा, गुडघ्याला क्रेप बँडेज. रात्री आजऱ्याला सासुरवाडीत होता, सकाळच्या एसटीने परतला होता. त्याने दोन्ही पेपर क्रीडापान वर करून शेजारी शेजारी मांडले.

“सायेब, दोन्ही तुमचंच न्हवं?”

“हो.”

“मग आजऱ्यात ह्यो गडी देव हुता आनि कोल्हापुरात उतरलो तर ह्योच पापी. मधल्या येळात त्यानं केलं काय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. मधल्या वेळात, पहिली दहाएक मिनिटं सोडली तर, तो राखीव बाकावर बसला होता. बरोबरी झाली तेव्हा आणि त्यानंतर चेंडूला त्याचा पायही लागला नव्हता.

मग त्याने शहराच्या पेपरवर बोट ठेवलं. “आनि कॉर्नर कुनी मारला, त्ये हितं कुठं हाय?”

नव्हतंच. कापलेल्या आठ ओळींत ते गेलं होतं. ‘४९व्या मिनिटाला अयालाने हेडरवर गोल केला’ एवढंच उरलं होतं. ज्याने गोल घडवला त्याचं नाव बातमीत फक्त बुडवणारा म्हणून होतं. तो भांडायला आला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मी चहा मागवला, तो प्यायला आणि पेपर तिथेच ठेवून गेला.

पानाचा वरचा अर्धा भाग त्यानंतर मी कितीतरी वेळा बघितला. तिथे द्रविड होता. किंग्स्टनच्या त्या वेड्यावाकड्या खेळपट्टीवर तो एक बाजू लावून उभा होता, आणि माझ्याच हातून लिहिलं गेलं होतं: संयमी, खंबीर, नांगर टाकून. चेंडू सोडणं हाही खेळ आहे, हे आपल्याला क्रिकेटमध्ये लहानपणापासून कळतं. त्यासाठी आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. त्याच पानावर, त्याच रात्री, चेंडूवर तळवा ठेवून थांबणाऱ्या माणसासाठी माझ्याकडे एकच शब्द निघाला, थकलेला.

पेकरमन यांचं चुकलं का, हे मी आजही ठामपणे सांगत नाही. आघाडी राखायला ताजा, चेंडू हिसकावणारा कांबियासो आणणं हा वेडेपणा नव्हता. पण नंतर तो सामना मी पूर्ण बघितला, दोनदा. रिकेल्मे गेल्यावर अर्जेंटिनाकडे चेंडू टिकेना. जो थांबायचा तोच गेला होता, बाकी सगळे चेंडू पुढे फेकून मोकळे होत होते. बचाव करायचा तर कधी कधी चेंडूच धरून ठेवावा लागतो, आणि ते काम करणारा माणूस त्यांनी बसवला. हे लिहायला मला आठ ओळी पुरल्या असत्या.

२००६ मध्येच त्याने आईच्या तब्येतीचं कारण देऊन राष्ट्रीय संघ सोडला. मग परतला. २००७ मध्ये बोकाकडून कोपा लिबर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम फेरीत, पोर्तो आलेग्रेत, ग्रेमिओविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण. मी ही प्रत्येक बातमी जपून लावली. प्रत्येक वेळी कापायच्या आधी कॉपी दोनदा वाचली.

अर्जेंटिनातल्या रविवारी, २५ जानेवारी २०१५ ला, त्याने निवृत्ती जाहीर केली. बातमी आपल्याकडे आली तेव्हा २६ जानेवारी उजाडला होता. त्या दिवशी पेपरला सुट्टी, म्हणजे २७ ला अंक नाही. २८ च्या पानासाठी बातमी शिळी धरली गेली आणि सिंगल कॉलममध्ये बारा ओळी मिळाल्या. तीन लिबर्तादोरेस, टोकियो, बार्सिलोना, बीजिंग, देशासाठी ५१ सामने, शेवटी लहानपणीच्या अर्जेंटिनोस ज्युनियर्सला वरच्या श्रेणीत चढवून निरोप. त्यात मी एक ओळ घातली: ‘२००६ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्धचा गोल त्याच्याच कॉर्नरवर झाला होता.’

ऑपरेटर म्हणाला, “सर, एक ओळ खाली उतरतेय. ही बर्लिनची काढू?”

मी म्हटलं, बार्सिलोनाची काढ.