‘चित्रे सुंदर आहेत’च्या पुढे

आमच्याकडे माणसं तीन, जागा दोनशे वीस चौरस फूट. गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे, चाळीतल्या पहिल्या मजल्यावर. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं आणि मांडणी करून देणं हा पोटापाण्याचा उद्योग. त्यातून चार पैसे उरले की स्वतःचं एखादं पुस्तक काढणं हा पोटाला चिमटा काढायचा उद्योग. तिसरं काम म्हणजे इतरांच्या चित्रपुस्तकांची परीक्षणं लिहिणं. त्यातून आजवर एक रुपया आलेला नाही, पण पहिली दोन कामं जी काही सुधारली ती त्याच्यामुळेच. म्हणून वाटचाल सांगायची तर तिथूनच सांगायला हवी.

मी जेजेतून कमर्शियल आर्ट केलं आणि मग बरीच वर्षं जाहिरात एजन्सीत साबण, तेल, बिस्किटं रंगवली. ते सोडून घरी बसले तेव्हा एका प्रकाशकाचं काम आलं. चोवीस पानांची गोष्ट, पानागणिक एक चित्र, आणि सूचना एवढीच: ‘मजकुरात आहे ते काढा.’ मजकुरात होतं, राजूने लाल चेंडू उचलला. मी लाल चेंडू उचलणारा राजू काढला. पुस्तक आलं, एका ठिकाणी परीक्षणही आलं. त्यात कथेबद्दल, संस्कारांबद्दल, लेखकाच्या आधीच्या पुस्तकांबद्दल भरभरून मजकूर होता आणि शेवटी एक ओळ: ‘चित्रे सुंदर आहेत.’ कोणी काढली, त्याचा पत्ता नाही.

मी दिवसभर धुसफुसत होते. माझी वहिनी महापालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. तिने पुस्तक चाळलं आणि म्हणाली, “त्याने तरी दुसरं काय लिहायचं? चेंडू लिहिलाय, तू चेंडू काढलायस. चित्र झाकलं तरी गोष्टीचं काही अडत नाही.”

राग आला, पण उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक वर्गात नेलं, मजकुरावर कागद चिकटवला आणि मुलांना म्हणाली, सांगा गोष्ट. मुलांनी पाच मिनिटांत गोष्ट सांगून टाकली. कोणी काही विचारलं नाही, कोणी मागचं पान पुन्हा बघितलं नाही. मग तिने माधुरी पुरंदऱ्यांचं एक पुस्तक उघडलं. तिथे लिहिणारी आणि काढणारी बाई एकच. मुलं एकेका पानावर रेंगाळली आणि एकमेकांना बोट लावून काय काय दाखवत बसली. वहिनीने दोन्ही तासांची टिपणं एका दोनशे पानी वहीत लिहून आणली. माझ्या पुस्तकाच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या.

त्या वहीतूनच आमची परीक्षणं निघाली. पद्धत अजून तीच आहे. पहिल्यांदा पुस्तक मजकूर झाकून बघायचं. दुसऱ्यांदा उलट करायचं, मजकूर मोठ्याने वाचायचा आणि चित्र बघायचंच नाही. तिसऱ्यांदा मुलाच्या हातात द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं (हे सगळ्यात कठीण). मग लिहायला बसायचं. चित्र शब्दांच्या मागून चालतं, की बाजूने, की कधी त्यांच्या विरुद्ध? ‘आजी शांत बसली होती’ असं लिहिलंय आणि चित्रात आजीच्या मुठीत पदराचा बोळा झालाय, तर गोष्ट त्या बोळ्यात आहे. पान उलटण्याआधी उजव्या कोपऱ्यात काय ठेवलंय? मावशीची साडी सहाव्या पानावर हिरवी होती, ती दहाव्यावर निळी का झाली? हा शेवटचा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत. सहा वर्षांचं पोर पहिल्या फेरीत विचारतं.

हे लिहिताना शब्दांची मात्र पंचाईत व्हायची. दलाल आणि मुळगावकरांची मुखपृष्ठं बघून दिवाळी अंक उचलणारी माणसं आपण. १९७१ पासून बालभारतीचा ‘किशोर’ हा मुलांचा अंक घरोघरी चित्रं पोचवतोय. तरी चित्राबद्दल लिहायची वेळ आली की आपल्याकडे ‘बोलकी’, ‘आकर्षक’ आणि ‘मनोवेधक’ यापलीकडे विशेषणं नसतात. आम्ही स्वतःला नियम घालून घेतला: ही तीन विशेषणं वापरायची नाहीत. पहिले काही महिने निम्मी परीक्षणं अडून राहिली.

लिहिलेलं आम्ही ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून, दोन घड्या घालून, पुस्तक प्रदर्शनात आमच्या टेबलावर ठेवायचो. पालक यायचे, पुस्तक उचलून पहिला प्रश्न विचारायचे, “यातून बोध काय?” वहिनी शांतपणे घडीचा कागद पुढे करायची. काही जण तो वाचत उभे राहायचे, काही त्यात भेळ गुंडाळायचे. दोन्ही चालायचं. नंतर काही शाळा आणि एक-दोन वाचनालयं खरेदीच्या आधी आमचा कागद मागायला लागली तेव्हा कळलं, की याचा उपयोग होतोय.

दुखणंही तिथूनच सुरू झालं. एका प्रकाशकाच्या पुस्तकात बर्फ पडत होता, घराला धुराडं होतं आणि मुलाचं नाव गणपत होतं. आम्ही तसं लिहिलं. त्यांचं मांडणीचं काम आमच्याकडे यायचं ते त्या महिन्यापासून बंद झालं. फोन नाही, पत्र नाही. पुढे सहा महिने भाडं भरताना ते परीक्षण मला अक्षरशः पाठ झालं होतं. पण त्यातलं एकही वाक्य आज बदलावंसं वाटत नाही, हेही खरं. त्यानंतर एवढंच ठरवलं, की ज्या पुस्तकाची चित्रं किंवा मांडणी आम्ही केली असेल त्यावर लिहायचं नाही. आपला तो बाब्या होतोच, कितीही सांभाळलं तरी.

मग आम्हीच बाब्या काढला. आमचं पहिलं पुस्तक, बत्तीस पानं. बत्तीसच का, असं लोक विचारतात. वीस बाय तीस इंचांच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून साडेसात बाय दहाची सोळा पानं बसतात. दोन कागदांत बत्तीस, आणि कात्रीखाली काही वाया जात नाही. म्हणजे गोष्टीची लांबी आधी कागद ठरवतो, लेखक नंतर. हे लेखकांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

छपाई लोअर परळच्या एका गाळ्यात, जुलै महिन्यात, स्वस्तात पडते म्हणून दोनरंगी मशीनवर. चार रंगांसाठी कागद मशीनमधून दोनदा जाणार. पहिल्या फेरीनंतर कागद रात्रभर पडून राहिला, पावसाळी हवा प्यायला, किंचित फुगला आणि दुसऱ्या फेरीला रजिस्टर हललं, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत. एरवी चित्रात ते खपलं असतं. पण मी शहाणीने फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, दिली होती, त्यामुळे मजकुराचा काळाही चारी रंगांत फुटला होता. प्रत्येक वेलांटीला गुलाबी सावली आणि रफाराला निळी शेपटी. मोरपंखी रंग स्क्रीनवर झळकत होता, कागदावर शेवाळाचा झाला. वर मधल्या घडीत आजीचं नाक गेलं, कारण डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, मी कागदाची न करता स्क्रीनवरच बघितली होती. मशीनवाले काका म्हणाले, “मॅडम, मशीनला काय कळतंय आजी कोण आणि घडी कुठे?” हजार प्रतींपैकी निम्म्या रद्दीत घातल्या. रद्दीवाल्यानेही आर्ट पेपर म्हणून भाव पाडला.

त्या नुकसानीतून एक फायद्याची सवय लागली. आता मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असतो (छापताना प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी) आणि चित्रातला काळा जमेल तितका इतर तीन रंगांत बसवतो. पुढे त्याच पुस्तकाची हिंदी आणि गुजराती आवृत्ती काढताना काळ्या प्लेटा तेवढ्या नव्या केल्या, बाकीच्या तीन रंगांच्या त्याच चालल्या. आणि दुसऱ्यांच्या पुस्तकात आजीचं नाक घडीत गेलेलं दिसलं, तर परीक्षणात आम्ही ते जरा मायेने लिहितो.

चित्रकारांच्या नावाचं मात्र मायेने लिहीत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीचं चित्र एकदा दप्तरावर छापलेलं दिसलं, चर्चगेटला पुढच्या रांगेतल्या मुलाच्या पाठीवर. प्रकाशकाला विचारलं तर उत्तर आलं, “पैसे दिलेत की पुस्तकाच्या वेळी.” तेव्हा मी १९५७ चा कॉपीराइट कायदा पहिल्यांदा नीट वाचला. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. एकोणिसाव्या कलमानुसार मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. आणि सत्तावन्नावं कलम सांगतं, की हक्क विकल्यावरही ‘हे माझं काम’ असं म्हणायचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो. आता आमचा करार एक पानी, मराठीत. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाइतक्याच टायपात. एक लेखक यावरून उठून गेले. चहा अर्धा सोडून.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, पण छापील किमतीचा निम्म्याच्या आसपास भाग वितरक आणि दुकान यांत जातो. शिवाय लोक विचारतात, “प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर इतक्या गोष्टी फुकट आहेत, तुमचं दीडशेला का घ्यायचं?” प्रश्न बरोबर आहे. २०१५ पासून त्या वेबसाइटवर खुल्या परवान्यावर गोष्टी मिळतात आणि आम्ही स्वतः त्यांतल्या कित्येकांवर लिहिलंय. आमचं उत्तर एवढंच, की फोनवर दोन पानं शेजारी उघडी राहत नाहीत आणि आमचं निम्मं काम त्या शेजारात असतं. हे उत्तर काहींना पटतं. उरलेल्यांना चाळीच्या जिन्यापर्यंत सोडायला मी जाते.

२०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा वहिनी फोन भिंतीला टेकवून पानं कॅमेऱ्यासमोर धरायची. विक्री शून्य. वहीत मात्र त्या वर्षी सगळ्यात जास्त टिपणं आहेत, कारण मुलांच्या मागे आया, आजोबा, कुणाकुणाचे काकाही बसलेले असायचे आणि मध्येच बोलायचे. मोठी माणसं चित्र वाचताना किती लाजतात, ते तेव्हा दिसलं. टपालाने पुस्तकं पाठवणंही तेव्हापासून वाढलं. मे २०२५ पासून टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत तीनशे ग्रॅमचं पाकीट वीस रुपयांत जातं आणि आमचं बत्तीस पानी पुस्तक पाकिटासकट त्यात बसतं. नवीन पुस्तकाचा कागद निवडताना हल्ली वजनकाटा शेजारी ठेवतो.

लोअर परळचा छापखाना आता नवी मुंबईत महापेला गेलाय. पुढच्या शनिवारी तिकडे जायचंय. नव्या पुस्तकाची डमी टेबलावर पडली आहे, या वेळी कागदाची, पिना मारलेली. वहिनी निवृत्त झालीय, तरी चाळीतली पाच पोरं गोळा करून तिने ती डमी काल दाखवली. चौदाव्या पानावर मांजर खिडकीत आहे, पंधराव्यावर नाही. मी म्हणते, ते मजेत निघून गेलं. पोरं म्हणतात, खिडकी बंद होती. वहिनीने वहीत पोरांच्या बाजूने लिहिलंय, म्हणजे शुक्रवारपर्यंत ती खिडकी पुन्हा काढायला लागणार.