पुळणीवरचा वॉकर

चिनूच्या पायांना आधार देणाऱ्या स्प्लिंटमधली वाळू घरभर सांडते आणि सासूबाई केरसुणी घेऊन पुटपुटत मागे. तरी मी त्याला रोज संध्याकाळी गुहागरच्या पुळणीवर नेतेच. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर वॉकर चालतो, कोरडीत रुततो.

तो बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. वर्षाचा झाला तरी बसेना, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. "मुलगे उशिरानेच चालतात," असं सगळे म्हणत; एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. (तेव्हा मलाही तेच ऐकायचं होतं.) मग एमआरआय झाला आणि सेरेब्रल पाल्सी हा शब्द घरात आला. सासूबाईंनी देवाला गाऱ्हाणं घातलं. मी अडवलं नाही.

इजा मेंदूला, पायांना नाही. ती वाढत नाही. पण हाडं वाढतात आणि आखडलेले स्नायू मागे पडतात, म्हणून ताण रोज द्यायचा. फिजिओथेरपीला एसटीने चिपळूण. तिथल्या बाकड्यावर शेजारी बसणाऱ्या बाईंचा मुलगा दहा महिन्यांचा असताना माडीवरून पडला होता. इतक्या लहान वयात डोक्याला जबर मार लागला तरी हेच होऊ शकतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत हे नाव आहे, म्हणून दाखला काढा, हेही त्यांनीच सांगितलं.

काल चिनू वॉकर ढकलत कुर्लीमागे निघाला. कुर्ली अर्थातच बिळात. हा तिथेच फतकल मारून उकरत बसला. उठवायला गेले तर म्हणतो, "थांब गो आई, ती येतेय."