पिशवीतच विणली गेलेली जाळी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मॅडमनी एस-लेअर दिला, तेव्हा ‘बॅक्टेरियाच्या अंगावरचं आवरण’ यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आवरण कसलं, जाळीच ती. एकाच प्रथिनाचे रेणू आपणहून रांगेत बसतात. जाडी 5 ते 10 नॅनोमीटर, आणि छिद्रं सगळी एका मापाची. म्हणून तर ती गाळणीला चालते, सेन्सरवर एन्झाइम बसवायला चालते, धातूचे कण ओळीत मांडायलाही.

मला ती लायसिनिबॅसिलस स्फेरिकस या बॅक्टेरियावरून उसवून सिलिकॉनच्या चकतीवर पुन्हा विणायची होती. व्हिएन्नाच्या उवे स्लाइटर यांच्या गटाचे पेपर हाताशी होते. पेशीभित्तीचे तुकडे 5 मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये, म्हणजे प्रथिनांची पकड सोडवणाऱ्या रसायनात, टाकायचे, जाळी सुटी होते. मग डायलिसिसने, म्हणजे द्रव बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती पाण्यात ठेवून आणि पाणी बदलत राहून, ग्वानिडीन काढायचं आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम द्यायचं. कॅल्शियम मिळालं की रेणू एकमेकांना धरतात.

ऐन मे महिना, त्यात बडोद्याचा. डिस्टिल्ड वॉटरची टंचाई. मी शहाणपणा केला: डायलिसिसचं पाणी पहिल्या दोन वेळा नळाचं, शेवटचं तेवढं डिस्टिल्ड. सकाळी फ्रिज उघडला तर पिशवीत पेजेसारखं गढूळ पाणी. सेंट्रिफ्यूज केलं, प्रथिन सगळं तळाला. चकती कोरी. दुसऱ्यांदाही तेच. प्रथिन खराब झालं असं धरून मी आठवडाभर नवं कल्चर वाढवत बसले.

मग एके दिवशी लॅबचे काका डिस्टिलेशनच्या यंत्राची दांडी खरवडताना दिसले. पांढऱ्या खपल्या पडत होत्या.

“अगं, बोअरचं पाणी हे. दांडीवर नुसता खडू चढतो.”

खडू म्हणजे कॅल्शियम! आणि नळालाही हेच पाणी. प्रथिन ठणठणीत होतं, त्याने पिशवीतच जाळी विणून टाकली होती. चकतीसाठी उरणार काय?

तिसऱ्या खेपेला तिन्ही वेळा डिस्टिल्ड, 4 अंशांवर. द्रव काचेसारखा नितळ राहिला. मग 10 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि चकती रात्रभर त्यात ठेवली. एएफएमखाली, म्हणजे अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपून चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, पहिल्या चकतीवर नुसते मिठाचे खडे, ती मी नीट धुतलीच नव्हती. दुसरीवर मात्र गणिताच्या वहीसारखे चौकोन, 13 नॅनोमीटरचे.

मॅडमनी बोट नेमकं एका तिरप्या रेघेवर ठेवलं. “हा सांधा कसला?”

वाढ एकाच वेळी अनेक ठिकाणांहून सुरू होते, प्रत्येकीची दिशा वेगळी. दोन तुकडे भेटतात तिथे चौकोन जुळत नाहीत. हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सापडलं. त्या क्षणी मी म्हणाले, “बघते, मॅडम.”