तुम्ही विचारलंत म्हणून: विमानात धूर झाला तर मास्क खाली पडतात ना?

अकरा वर्षं केबिन क्रू म्हणून उडले, आता नवीन बॅचना सेफ्टी शिकवते, आणि लग्नात असो नाहीतर सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुणाला हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. विमानात धूर झाला तर ते वरचे पिवळे मास्क पडतात ना?

नाही हो. ते मास्क धुरासाठी नाहीतच. केबिनमधला हवेचा दाब घटला, म्हणजे साधारण 14,000 फुटांवर असते तितकी हवा विरळ झाली, की ते आपोआप पडतात. त्यात नुसता ऑक्सिजन येत नाही, आजूबाजूची केबिनची हवाही मिसळून येते, म्हणजे मास्क लावूनही धूर तुमच्या छातीत जाणारच. आणि आग नक्की कुठे आहे हे कळायच्या आत केबिनभर ऑक्सिजन सोडणं म्हणजे तिला खायला घालणं. म्हणून आम्ही सांगतो, खाली वाका, नाकातोंडावर ओला रुमाल धरा, कारण गरम धूर आधी छताला साठतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. (आणि पावसाळ्यात मुंबईत बोर्डिंगच्या वेळी एसीच्या फटीतून पांढरं काहीतरी वाहताना दिसतं ना, तो धूर नाही, दमट हवेचं धुकं आहे, त्याला घाबरू नका.)

मी प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी 2 जून 1983 ची गोष्ट सांगते. एअर कॅनडाचं फ्लाइट 797 हे विमान, डॅलसहून टोरंटोला निघालेलं, आत 46 माणसं. मागच्या लॅव्हेटरीतून, म्हणजे टॉयलेटमधून, धूर यायला लागला. क्रूने आत आग विझवायचा सिलिंडर मारला, पण आग पॅनेलच्या मागे होती, ती कुणाला दिसलीच नाही. तेव्हा त्यांनी सगळ्यांना पुढच्या सीटवर हलवलं, ओले टॉवेल वाटले, पंखांवरच्या खिडक्या कशा उघडायच्या ते प्रवाशांना दाखवून ठेवलं. विमान सिनसिनाटीला नीट उतरलं. दारं उघडली, बाहेरची ताजी हवा आत शिरली आणि दीड मिनिटाच्या आत सगळी केबिन पेटली. 23 जण वाचले, 23 गेले. लॅव्हेटरीतले स्मोक डिटेक्टर आणि वाटेवर जमिनीलगत पेटणारे दिवे अशा अपघातांनंतरच सक्तीचे झालेत. हे सांगून झालं की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मीही तो वेळ देते.

आमच्याकडे वेळ किती असतो, हेही विचारतात. 1998 मध्ये हॅलिफॅक्सजवळ समुद्रात पडलेल्या स्विसएअर 111 मध्ये कॉकपिटमध्ये पहिला वास आला तिथपासून जेमतेम 20-21 मिनिटं. म्हणून ट्रेनिंगमध्ये सगळा जोर धुराचा उगम शोधण्यावर. कुठून, कुठल्या रंगाचा, कसला वास, वाढतोय की कमी होतोय, हे कॅप्टनला एका दमात सांगता आलं पाहिजे.

माझ्या वाट्याला हे एकदाच आलं. मे महिना, मुंबई-दुबई, रात्रीची फ्लाइट, सर्व्हिस आटपून दिवे मंद केलेले. 22व्या रांगेतले एक काका, रत्नागिरीकडचे, मुलाकडे निघालेले, त्यांनी बेल वाजवली आणि हळूच म्हणाले, "अगो, कायतरी जळल्यासारखा वास येतोय बघ." वाकले तर मलाही आला, गोडसर, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा, आणि पलीकडच्या मुलाच्या सीटखालच्या सॅकच्या चेनमधून धुराची बारीक दोरी वर येत होती. पॉवर बँक!

माझी सिनियर पीबीई घालून आली, म्हणजे धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावरून घालायचा हूड, साधारण पंधरा मिनिटं चालतो. तिच्या हातात हॅलॉन, म्हणजे आग विझवणाऱ्या गॅसचा सिलिंडर. दुसरी इंटरफोनवर कॅप्टनशी बोलत होती आणि मी माणसं मागे सरकवत होते, एका आजींना तर उचलूनच नेलं. हॅलॉनने ज्वाळा विझली, पण बॅटरी तेवढ्याने थांबत नाही, आत एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते, त्यामुळे ती गार करावीच लागते. पाणी, ज्यूस, कोला, दारू सोडून जे हाताला लागेल ते ओतायचं. मागून कुणीतरी ओरडत होतं बर्फ टाका, बर्फ टाका. बर्फ नाही टाकायचा, तो वरून झाकण घातल्यासारखा उष्णता आत कोंडतो. शेवटी ती पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून गॅलीत, म्हणजे विमानातल्या किचनमध्ये, ठेवली आणि उतरेपर्यंत मी तिच्यावरची नजर हलवली नाही. कॅप्टनने विमान मस्कतला वळवलं होतं.

म्हणूनच पॉवर बँक चेक-इन बॅगेत नका टाकू, असं आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. खाली कार्गोत ती पेटली तर तिच्यापर्यंत माझा हात पोचत नाही.

आणि बॅगा. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 उतरताना कोस्टगार्डच्या विमानाला धडकलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले 379 च्या 379 जिवंत बाहेर पडले, केबिन धुराने भरलेली, अनाउन्समेंटची सिस्टीम बंद, आठातली तीनच दारं वापरण्यासारखी, क्रू मेगाफोनवरून आणि नुसत्या आवाजाने ओरडतेय. लोकांनी बॅगा तिथेच सोडल्या. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिलाय, दर वेळी डोळे भरून येतात.

काकांचं सांगायचं राहिलं. सगळं शांत झाल्यावर त्यांना पाणी द्यायला गेले तर म्हणाले, वास मघाशीच आला होता, पण कुणीच काही बोलेना, म्हटलं आपल्यालाच भास होतोय, उगाच पोरीला कशाला उठवा. मग नाही राहवलं. मस्कतला उतरताना दारात मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते गोंधळले, "अगो, मी काय केलं?" म्हणाले, आणि हातातली आंब्याची पिशवी सावरत शिडी उतरले.