वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावं

इंग्लंडमध्ये कुणाचं आडनाव वॉकर असेल, तर त्याचं मूळ घराणं बहुधा उत्तरेकडचं असतं: यॉर्कशर, लँकशर, डर्बीशर, फार तर स्कॉटलंड. फुलर असेल तर केंट, ससेक्स, एसेक्स, सफक या आग्नेयेकडच्या पट्ट्यातलं. आणि टकर असेल तर नैर्ऋत्येकडचं, डेव्हन किंवा सॉमरसेटचं. या तिघांचेही पूर्वज एकच काम करत होते. नव्या विणलेल्या लोकरीच्या कापडाला तुडवून, आटवून, अंगात घालण्याजोगं करण्याचं काम. धंदा एक, पण तीन मुलखांत त्याला तीन शब्द होते. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ते शब्द माणसांच्या नावाला चिकटले आणि आजही जवळपास तिथेच आहेत.

मी हडर्सफील्डला राहते. गाव यॉर्कशरमधलं, लोकरीच्या कापडासाठी जगभर नाव असलेलं. इथे वॉकर पावलोपावली भेटतात. मुलीच्या वर्गात वॉकर, दवाखान्यात वॉकर, नळ दुरुस्त करायला येणाराही वॉकर. पूर्ण ब्रिटनमध्ये हे आडनाव सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या विसांत आहे, पण या भागात राहिलं की ते पहिल्या पाचांत असावं असं वाटतं. इथे येईपर्यंत या आडनावाचा चालण्याशी काहीतरी संबंध असेल, एवढीच माझी समजूत होती. संबंध आहे, पण चालत जायचं कुठेच नव्हतं. एका जागी उभं राहून पायाखाली कापड तुडवायचं होतं.

त्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या सुती कापडाच्या मुलखात याची कल्पना येत नाही. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, त्यातून आरपार दिसतं. शिवाय कातण्याआधी लोकर मऊ राहावी म्हणून तिला तेल किंवा लोणी चोळलेलं असायचं, त्यामुळे कापड तेलकट आणि वासाचं. असा तागा पाण्याच्या मोठ्या कुंडात टाकायचा आणि दोघा-तिघांनी त्यात उतरून तासन्‌तास तुडवायचा. ओलावा, ऊब आणि मार मिळाला की लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकत जातात. कापड आटतं, जाड होतं, त्याची वीण दिसेनाशी होते आणि त्यातून वारा शिरत नाही. गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर लहान होऊन बसतो, तो याच कारणाने.

तेल काढण्यासाठी दोन गोष्टी वापरत. एक, आपल्या ओळखीची मुलतानी माती. इंग्रजीत तिला आजही फुलरची माती म्हणतात. सरी परगण्यात रेडहिलजवळ, बेडफर्डशरमध्ये वोबर्नपाशी आणि बाथच्या आसपास तिचे थर आहेत. इंग्लंडच्या कापडधंद्याला ती इतकी मोलाची होती की परदेशातल्या विणकरांच्या हाती पडू नये म्हणून तिच्या निर्यातीवर बंदी घातली गेली होती. दुसरी गोष्ट म्हणजे शिळी लघवी. ती काही दिवस ठेवली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेल कापतो. उत्तरेकडे तिला लँट म्हणत, आणि ती घरोघरी साठवून गोळा केली जायची. रोमन लोकही हेच करत. सम्राट व्हेस्पेशियनने लघवीवर कर बसवला होता तो याच धंद्यामुळे.

हा प्रकार डोळ्यांनी पाहायचा असेल तर लँकशरमधल्या हेल्मशोरला जावं. हडर्सफील्डहून पेनाइन डोंगर ओलांडला की रॉसेंडेलच्या खोऱ्यात ते लागतं. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस टर्नर घराण्याने बांधलेली पाणचक्की आहे, आता तिचं संग्रहालय झालं आहे. पायांची जागा तिथे लाकडी हातोड्यांनी घेतलेली. बाहेर ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरतं, चाकाच्या आसाला दांडे आहेत, ते हातोडा उचलतात आणि सोडून देतात. हातोडा खालच्या लाकडी कुंडात दाणकन पडतो. कुंडाची आतली बाजू गोलाई दिलेली असते, त्यामुळे प्रत्येक घावाला कापडाचा गोळा थोडा थोडा स्वतःभोवती फिरतो आणि मार सगळीकडे सारखा बसतो. ही गोलाई मला फार आवडली. कुणीतरी वर्षानुवर्षं कापड तुडवताना पायाने ते कसं उलटतो, हे नीट पाहिलं असणार आणि मग सुताराकडून तसा आकार करून घेतला असणार. हातोडे चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, जमीन हादरते.

असे पाण्यावर चालणारे हातोडे इंग्लंडमध्ये बाराव्या शतकातच आले होते. 1185 साली टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाने आपल्या मालमत्तेची पाहणी केली, तिच्यात अशा पाणचक्क्यांची नोंद आहे आणि त्यांतली एक यॉर्कशरमधली आहे. एलिनोरा कारस-विल्सन या इतिहासकार बाईंनी 1941 साली एका निबंधात या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. आता आडनावांचा काळ पाहा. इंग्लंडमधल्या सामान्य लोकांची आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. म्हणजे तुडवणाऱ्याचं नाव कुटुंबाला कायमचं लागत होतं, तेव्हा तुडवण्याचं काम पायांकडून पाण्याकडे निघालं होतं. बरेचसे पहिले वॉकर कापडावर पाय न ठेवताही वॉकर झाले असतील. ते हातोड्यांवर लक्ष ठेवत, कापड काढून घड्या सरळ करत, पुन्हा आत टाकत.

नावं कागदावर पक्की व्हायला करवसुलीने हातभार लावला. 1377, 1379 आणि 1381 साली इंग्लंडच्या राजाने डोईपट्टी बसवली, फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागवायला. 1379 च्या वेळी साध्या माणसाला किमान 4 पेन्स पडत, कारागिरांकडून जास्त घेत. पश्चिम यॉर्कशरच्या त्या वर्षीच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. गावागणिक नावं आणि रकमा आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी धंदाही लिहिलेला आहे. जॉर्ज रेडमंड्स या अभ्यासकाने याच भागातल्या आडनावांवर उभं आयुष्य घालवलं. जुने दस्तऐवज वाचून एकेका आडनावाचा उगम नेमक्या कुठल्या वाडीत झाला, हे शोधायची त्यांची पद्धत होती. मला या विषयाची गोडी लागली ती त्यांच्यामुळे.

गावांची नावंही आडनावांना साक्ष देतात. उत्तरेत जुन्या पाणचक्कीला वॉक मिल म्हणतात, त्या नावाचे रस्ते आणि वस्त्या आजही आहेत. कॉर्नवॉलमध्ये कॅमबर्नजवळ टकिंगमिल नावाचं गाव आहे. वेल्समध्ये अशा चक्कीला पॅन्डी म्हणत, खाणकामगारांच्या चळवळीमुळे प्रसिद्ध झालेल्या टोनीपॅन्डीच्या नावात तीच आहे. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात विणकर, कापड आटवणारे आणि कातरणारे यांच्या संघाने 1471 साली बांधलेली इमारत अजून उभी आहे. पाटीवर नाव आहे टकर्स हॉल. ती यॉर्कशरमध्ये असती तर तिला वॉकर्स हॉल म्हटलं असतं.

स्कॉटलंडची गोष्ट जरा वेगळी. तिथल्या गेलिक भाषेत काही घराण्यांचं नाव 'कापड आटवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचं होतं. इंग्रजीचा जोर वाढला तेव्हा त्यांनी ते बदलून सरळ वॉकर लावलं. हेब्रिडीझ बेटांवर तर हे काम विसाव्या शतकापर्यंत हातांनीच चालायचं. बायका लांब टेबलाभोवती बसून ओलं कापड तालात आपटत आणि सोबत गाणी म्हणत. एक सांगायची आणि बाकीच्या ध्रुपद धरायच्या. त्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना मला आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या.

किराणा घ्यायला गेलं की मी आता पाकिटांवरची नावंही या नकाशावर बसवून पाहते. वॉकर्स वेफर्स लेस्टरचे, पण ज्या हेन्री वॉकर खाटकाच्या दुकानातून ते निघाले तो तिथे आला नॉटिंगमशरमधल्या मॅन्सफील्डहून. युद्धानंतर मांसावर रेशन होतं म्हणून 1948 साली त्या दुकानाने बटाटे तळायला घेतले. वॉकर्सची शॉर्टब्रेड बिस्किटं स्कॉटलंडमधल्या ॲबरलरची, 1898 पासूनची. जॉनी वॉकरची व्हिस्की मुळात किल्मार्नकची, तेही स्कॉटलंडच. तिन्ही ठिकाणं वॉकरच्या मुलखात नीट बसतात.

हे सगळं नुसतं माझ्या निरीक्षणावर नाही. 1881 च्या जनगणनेतली सगळी आडनावं संगणकावर उतरवली गेली आहेत, आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी 1881 आणि 1998 असे दोन नकाशे शेजारी ठेवून दाखवले आहेत. मधल्या काळात रेल्वे आली, दोन महायुद्धं झाली, गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं लंडनकडे गेली. तरी बहुतेक जुन्या आडनावांचा गडद ठिपका जागचा फारसा हललेला नाही.

तिघांत वॉकर सगळ्यांत जास्त का, याचंही उत्तर कापडातच आहे. मध्ययुगात पूर्व आणि नैर्ऋत्य इंग्लंडचं कापड सरस मानलं जायचं. अठराव्या शतकात धंदा यॉर्कशरकडे सरकला. 1779 साली हॅलिफॅक्सला पीस हॉल उघडला, तो घरोघरी विणलेले तागे विकायचा भव्य चौक. आज तिथे कॉफीची दुकानं आहेत. पुढे वाफेच्या गिरण्या आल्या, लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्डची लोकसंख्या भराभर वाढली, आणि माणसांबरोबर त्यांची आडनावंही. सगळे वॉकर एका रक्ताचे मात्र नाहीत. जिथे कापड आटवलं जायचं त्या प्रत्येक खोऱ्यात स्वतंत्रपणे एखादा वॉकर झाला. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनाव आणि बापाकडून येणारं गुणसूत्र यांची सांगड तपासली. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे बरेच पुरुष एका पूर्वजाचे निघाले, स्मिथसारख्या धंद्यावरून पडलेल्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात तसं काही सापडलं नाही.

इंग्लंडबाहेरचा पसारा पाहिला की मन जड होतं. अमेरिकेत आज पाच लाखांहून जास्त वॉकर आहेत आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. त्यातल्या बहुतेकांच्या पूर्वजांनी यॉर्कशरची लोकर कधी पाहिली नव्हती. मळ्याच्या मालकाचं किंवा भोवतालच्या गोऱ्यांचं आडनाव गुलामगिरीत त्यांच्याकडे आलं. फुलरचंही तसंच. ससेक्समधल्या ब्राइटलिंगच्या जॉन फुलरच्या घराण्याचे जमैकात मळे होते आणि संसदेत तो गुलामगिरीची बाजू घेत असे. त्याच माणसाने दिलेल्या देणगीतून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापकपद निर्माण झालं आणि 1833 साली त्यावर पहिले बसले मायकेल फॅरडे. विज्ञानाच्या पुस्तकांत ते पद फुलरच्या नावानेच येतं. पैसा कुठून आला, हे सोबत लिहिलेलं मला क्वचितच दिसलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे सुतार, लोहार, रंगारी, कोष्टी अशी आडनावं कानावर पडली की समोरचा मनातल्या मनात जात ठरवून मोकळा होतो. शाळेतल्या हजेरीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत ते आडनाव माणसाची पाठ सोडत नाही. इथल्या वॉकरला विचारलं तर त्याला आपल्या आडनावाचा अर्थही माहीत नसतो, आणि माहीत झाला तरी काही बिघडत नाही. शिळ्या लघवीत पाय बुडवून काम करणाऱ्याचं आडनाव, पण ते लावणारे पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातही बसले आणि चर्चमध्ये उपदेशही करत राहिले. धंदा दोन-तीन पिढ्यांत सुटला आणि नाव मागे राहिलं. इथे उच्च-नीच नाही असं मी मुळीच म्हणत नाही. बोलण्याच्या हेलावरून आणि शाळेच्या नावावरून माणूस कुठल्या थरातला ते इथे पहिल्या वाक्यातच ओळखतात, उत्तरेकडच्या माणसाला लंडनमध्ये त्याचा चांगलाच चटका बसतो. पण आडनावाने त्याला बांधून ठेवलेलं नाही, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

याच खोऱ्यांत 1950 आणि 60 च्या दशकांत गिरण्यांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा काश्मीरमधलं मीरपूर, पंजाब आणि गुजरात इथून लोक आले. हडर्सफील्डपासून थोड्या अंतरावर बॅटली आणि ड्यूसबरी आहेत, तिथल्या दुकानांवर पटेल नावाच्या पाट्या भरपूर. गावकीचं काम पाहणाऱ्या पाटलाच्या हुद्द्यावरून आलेलं हे आडनाव आज ब्रिटनच्या पहिल्या पन्नासांत आहे. गावचा कारभारी आणि कापड तुडवणारा, दोघांची आडनावं एका गिरणीच्या हजेरीपटावर आली. पुढची नकाशे काढणारी पिढी पटेलांचा ठिपका यॉर्कशर, लँकशर, लेस्टर आणि लंडनवर गडद दाखवेल.

सध्या मी कापड बाजूला ठेवून कातड्याकडे वळले आहे. कातडी कमावणारा उत्तरेत झाडाच्या सालीवरून बार्कर झाला आणि दक्षिणेत टॅनर. रंगाऱ्यांतही तसंच आहे: दक्षिणेत डायर आणि यॉर्कशरमध्ये लिस्टर. ब्रॅडफर्डला सॅम्युअल कनलिफ लिस्टर या गिरणीमालकाच्या नावाची बाग आहे, तिच्यात आता मुघल पद्धतीचं उद्यानही केलं आहे. पुढच्या लेखात लिस्टर घराण्याबद्दल लिहीन. तुमच्यापैकी कुणी डेव्हनकडे राहत असेल तर तिथल्या टकरांबद्दल मला जरूर कळवा, त्या बाजूला माझं अजून जाणं झालेलं नाही.